भावी शिक्षिकेची वही आणि आजोबांचा मोबाइल

एकीकडे बी.एड.चा अभ्यास करणारी नात आणि दुसरीकडे मोबाइल हातात धरून गोंधळलेले आजोबा, अशी घरे आज आपल्या आसपास पुष्कळ आहेत. नात दिवसभर सराव-पाठ घेते. प्रोजेक्टर, चित्रफिती, प्रश्नमंजुषा अशी साधने वर्गात कशी वापरावीत याचा विचार करते. संध्याकाळी घरी आल्यावर आजोबा म्हणतात, "अगं, विजेचे बिल तेवढे भरून दे." ती दोन मिनिटांत बिल भरते आणि मोबाइल परत करते. काम होते, आजोबांचे समाधान होते, नातीचा वेळ वाचतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच घडते, कारण बिल भरले गेले असले तरी आजोबा काही शिकलेले नसतात.

वाचकहो, वर्गातील डिजिटल साधने हा विषय एका डॉक्टरने आरोग्यविषयक पाक्षिकात का मांडावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर माझ्या दवाखान्यातच आहे. रक्ततपासणीचे अहवाल आता मोबाइलवर येतात, तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मोबाइलवरून ठरते, औषधे मागवली जातात, निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला मोबाइलवरून देता येतो. अशा काळात जी ज्येष्ठ व्यक्ती हे साधन स्वतः वापरू शकत नाही, ती प्रकृतीने ठणठणीत असली तरी प्रत्येक छोट्या गोष्टीसाठी परावलंबी होते. हे परावलंबन मनाला लागते आणि प्रसंगी शरीरालाही भोवते. म्हणून घरातील ज्येष्ठांना शिकवावे कसे, हा आरोग्याचाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मला एका भावी शिक्षिकेच्या वहीचा फार उपयोग झाला.

वहीतील पहिला धडा : आधी प्रश्न, मग साधन

ही विद्यार्थिनी आपल्या आजीला घेऊन माझ्याकडे नियमित येते. आजींना मधुमेह आहे आणि त्या इन्सुलिन घेतात. २०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यातील अनेक आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावे लागतात. घेतलेल्या प्रत्येक पाठावर आत्मचिंतन लिहिणे हा या प्रशिक्षणाचा भाग असतो. तिने आपली चिंतनाची वही मला वाचायला दिली आणि तीविषयी लिहिण्याची अनुमतीही दिली.

आठवीच्या वर्गाला रक्ताभिसरण शिकवताना तिने एक सुंदर सचेतन चित्रफीत दाखवली. लाल आणि निळे रक्त हृदयाच्या कप्प्यांतून वाहताना पाहून मुले हरखून गेली. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "फुप्फुसांतून निघालेले रक्त कुठे जाते?" मोजक्याच मुलांना उत्तर देता आले. तिने वहीत लिहिले होते की मुलांनी चित्रफीत पाहिली, पण रक्ताभिसरण पाहिले नाही.

मग तिने तोच पाठ दुसऱ्या तुकडीला वेगळ्या पद्धतीने शिकवला. प्रथम प्रत्येकाला मनगटावर बोट ठेवून स्वतःची नाडी मोजायला लावली. जागच्या जागी उड्या मारून पुन्हा मोजायला सांगितली. "ठोके का वाढले?" या प्रश्नावर वर्गात दहा मिनिटे चर्चा झाली. त्यानंतर फळ्यावर खडूने हृदयाची आकृती काढली आणि सर्वांत शेवटी, केवळ दोन मिनिटांसाठी, तीच चित्रफीत दाखवली. या वेळी मुलांच्या मनात आधीच प्रश्न होता. चित्रफितीने त्याचे उत्तर दिले. साधन तेच होते, फक्त त्याची जागा बदलली होती.

शिक्षणक्षेत्रातील जाणत्यांचे म्हणणेही याहून निराळे नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले; पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की त्या पाठाचे दृक्‌श्राव्य साहित्य समोर येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागेही पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याचे त्यांचे काम होते. मात्र २०२३ मध्ये युनेस्कोने शिक्षणातील तंत्रज्ञानावर जो जागतिक अहवाल काढला, त्याने एक मूलभूत प्रश्न विचारला : हे साधन नेमके कोणाच्या अटींवर वापरले जात आहे? शिकणाऱ्याच्या गरजेसाठी, की केवळ ते उपलब्ध आहे म्हणून?

हाच प्रश्न आपण घरातही विचारायला हवा. मुलगा परगावाहून महागडा मोबाइल आणून वडिलांच्या हाती देतो, त्यात वीस-पंचवीस सुविधा घालून देतो आणि सुट्टी संपताच निघून जातो. वडिलांना हवे असते एवढेच, की रात्री छातीत दुखले तर एका बोटाने फोन लागावा. गरज राहते बाजूला आणि साधनांची गर्दी तेवढी हाती उरते.

एका दुपारची गोष्ट

या विद्यार्थिनीच्या घरी जे घडले ते अनेक घरांत घडू शकते. दुपारची वेळ होती. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. आजींनी सकाळी इन्सुलिन घेतले होते, पण जेवायला उशीर झाला. त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले. रक्तातील साखर अचानक उतरल्याची ही लक्षणे. घरात दोन मोबाइल होते. आजींच्या मोबाइलला नक्षीचे कुलूप होते, ते आजोबांना उघडता येईना. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये सगळी नावे इंग्रजीत आणि शेकड्यांनी. घाबरलेल्या अवस्थेत त्यांना मुलाचे नाव सापडले नाही. अखेर गॅलरीतून हाका मारून त्यांनी शेजाऱ्यांना बोलावले. शेजारच्या बाईंनी साखरपाणी दिले आणि आजी सावरल्या.

त्या रात्री नातीने वहीत लिहिले : "मी शाळेत चाळीस मुलांसाठी साधने निवडते. घरातल्या एका विद्यार्थ्याला फोन लावायला मी अजून शिकवलेले नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून तिने आजोबांचा वर्ग सुरू केला.

येथे एक वैद्यकीय सूचना ओघानेच देतो. साखर उतरलेली व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि नंतर काही खायला द्यावे. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, एका कुशीवर निजवून तातडीने १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी. मोबाइलला कुलूप असले तरी त्या पडद्यावरील आणीबाणीच्या कळीने हे क्रमांक लावता येतात. ही एक गोष्ट आपल्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.

वार्धक्यात शिकणे का जड जाते?

"आता या वयात काय शिकायचे?" हे वाक्य मी रोज ऐकतो. त्यात सत्याचा अंश आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. वय वाढते तसा मेंदूचा माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग मंदावतो. एकाच वेळी चार-पाच गोष्टी ध्यानात धरण्याची क्षमता कमी होते. म्हणूनच "हे दाबा, मग तिकडे जा, वर तीन ठिपके दिसतील तिथे..." असे भराभर सांगितले की ज्येष्ठांचे लक्ष दुसऱ्याच पायरीला तुटते. परंतु शब्दसंपत्ती, अनुभव, विवेक आणि सावकाश केलेल्या सरावाने हातात बसणारे कौशल्य या गोष्टी दीर्घकाळ शाबूत राहतात. ज्येष्ठ शिकतात, फक्त त्यांना वेळ आणि पुनरावृत्ती अधिक लागते.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. आयुष्यात कधी पाटी हाती न धरलेल्या साठीपुढच्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून शाळेत जाऊ लागल्या आणि अक्षरे गिरवू लागल्या. ज्यांना शाई म्हणजे केवळ अंगठ्याला लागणारी वस्तू एवढेच ठाऊक होते, त्या सही करू लागल्या. अशा आजी अक्षरे शिकू शकत असतील, तर आपल्या घरातील आजी-आजोबांना फोन लावायला जमणार नाही, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

मेंदूखेरीज शरीराच्या इतर अडचणी असतात आणि त्यांना आपण पुष्कळदा 'विसरभोळेपणा' समजतो. त्या तपासून दूर कराव्यात.

डोळे : चाळिशीचा चष्मा सर्वांनाच लागतो, पण त्याचा नंबर बदलत राहतो. मोतीबिंदूमुळे फिकट राखाडी अक्षरे पार्श्वभूमीत विरून जातात आणि उजेड डोळ्यांवर येतो. द्विनाभी किंवा बहुनाभी चष्मा वापरणारे मोबाइल उंच धरून हनुवटी वर करतात आणि मग मान दुखते. मोबाइल वर्तमानपत्राप्रमाणे छातीच्या उंचीवर, साधारण दीड फुटाच्या आत धरावा. अक्षरांचा आकार मोठा करून घ्यावा. शिकवणी सुरू करण्यापूर्वी नेत्रतपासणी करावी.

कान : वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. म्हणून लहान मुलांचे आणि स्त्रियांचे बोलणे आजोबांना नीट कळत नाही. ओरडून बोलल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश बोलावे आणि दूरदर्शन बंद ठेवावा.

हात : ज्येष्ठांच्या बोटांची त्वचा कोरडी असते, स्पर्श पडद्याला जाणवत नाही. ते अधिक जोराने आणि अधिक वेळ दाबतात, तेव्हा मोबाइल त्याचा वेगळाच अर्थ लावतो. हाताला कंप असेल तर एकाऐवजी दोनदा स्पर्श होतो. मोबाइलमधील सुलभतेच्या सुविधांमध्ये 'दाबून धरण्याचा' अवधी वाढवता येतो. बोटांच्या रेषा झिजल्याने अंगठ्याचा ठसा जुळत नाही, यात त्या व्यक्तीचा काहीच दोष नसतो. हयातीच्या दाखल्याची 'जीवन प्रमाण' ही सुविधा १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा असा ठसा न जुळण्याची अडचण अनेकांना आली. २०२१ पासून चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाल्याने ती बरीच दूर झाली आहे.

आजोबांचा वर्ग

नातीने शाळेतील नियमच घरी लावले. ते आपल्यालाही लावता येतील.

पहिला नियम तिने स्वतःसाठी केला : शिकवताना आपले हात पाठीमागे बांधायचे. मोबाइल शिकणाऱ्याच्याच हातात राहील. आजोबा अडले की तिचा हात आपोआप पुढे येई. तो तिने आवरला. आजोबा सुरुवातीला रागावले. "अगं, तूच करून दे ना, किती वेळ घालवतेस माझा!" ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला सायकल शिकवलीत तेव्हा तुम्ही चालवली नव्हतीत, मागून धरली होतीत." आजोबांचा राग तिथेच निवळला.

दुसरा नियम : एका आठवड्यात एकच विद्या. पहिला आठवडा केवळ फोन लावण्याचा. मोबाइलच्या पहिल्याच पडद्यावर मुलगा, नात आणि डॉक्टर अशी तीन नावे मराठीत, छायाचित्रांसह ठेवली. बाकीच्या सुविधा दृष्टीआड केल्या.

तिसरा नियम : पायऱ्या आजोबांनी स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायच्या. नातीने छापून दिलेला कागद कपाटात पडून राहिला असता. स्वतः लिहिलेले स्मरणात राहते आणि अडचणीच्या वेळी आपल्याच भाषेत वाचता येते.

चौथा नियम : आज शिकवले ते उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा करून घ्यायचे. एका बैठकीत दहा वेळा घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हे शालेय मुलांइतकेच ज्येष्ठांनाही लागू आहे. एक बैठक वीस मिनिटांची, शक्यतो सकाळी, मन ताजे असताना. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारे औषध घेतल्यानंतर शिकवणी नको.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा : चुकीला हसायचे नाही. "परवाच तर सांगितले होते" हे वाक्य घरात बंद. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवले, त्याला नातवंडांसमोर अडाणी ठरण्याची भीती फार मोठी असते. ही भीती बसली की माणूस विचारणेच सोडून देतो आणि 'मला नकोच ते' म्हणू लागतो. पुष्कळ ज्येष्ठांची नावड मुळात लाज असते.

चार आठवड्यांत आजोबा स्वतः फोन लावू लागले, आजींच्या औषधांचे गजर लावू लागले, अहवालाचे छायाचित्र काढून पाठवू लागले. दोनेक महिन्यांनी आजींची साखर पुन्हा एकदा उतरली. या वेळी आजोबांनी आधी साखरपाणी दिले, मग मुलाला फोन केला आणि त्यानंतर मला. फोनवर त्यांचा आवाज घाबरलेला होता, पण सांगणे व्यवस्थित होते. मी इन्सुलिनच्या मात्रेत बदल केला. माझ्या दृष्टीने त्या शिकवणीची परीक्षा त्याच दिवशी झाली.

कोणत्या क्रमाने शिकवावे?

माझ्या अनुभवावरून मी पुढील क्रम सुचवतो. पहिल्या आठवड्यात फोन लावणे, उचलणे, आणीबाणीचे क्रमांक. दुसऱ्या आठवड्यात औषधांचे गजर, चिठ्ठीचे आणि गोळ्यांच्या पाकिटांचे छायाचित्र काढणे. नव्या डॉक्टरांकडे जाताना हे फार उपयोगी पडते. तिसऱ्या आठवड्यात दृक्‌श्राव्य संभाषण. ते जमले की 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेवरून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेणेही पुढे जमते. गावाकडे एकट्या राहणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे.

चौथा आठवडा पूर्णपणे सुरक्षिततेचा असावा आणि पैशांचे व्यवहार त्यानंतरच शिकवावेत. काही गोष्टी अक्षरशः पाठ करून घ्याव्यात. पैसे मिळण्यासाठी कधीही गुप्त पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. 'डिजिटल अटक' असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस किंवा न्यायालय दृक्‌श्राव्य फोनवरून कोणाला अटक करत नाही की पैसे मागत नाही. असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा आणि घरातल्यांना सांगायचे. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करायची. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता अधिक. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

काळजीवाहूंना एक विनंती. फसवणूक झालेल्या ज्येष्ठाला रागावू नका. लाजेपोटी गोष्ट लपवणे हेच अशा भामट्यांचे सर्वांत मोठे बळ असते. अशा धक्क्यानंतर रक्तदाब वाढलेले, झोप उडालेले, खिन्नतेने घेरलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

न जमणे हेही लक्षण असू शकते

काळजीवाहूंनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. नवे शिकायला वेळ लागणे हे वयाला साजेसे आहे. परंतु वर्षानुवर्षे सहज वापरत असलेला मोबाइल, दूरदर्शनचा रिमोट किंवा गॅसची शेगडी जमेनाशी झाली, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जाऊ लागले, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे सुरू झाले, तर 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नका. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. तसेच जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा एखाद्या औषधाचा परिणाम, अशी उपचाराने सुधारणारी कारणेही असू शकतात. डॉक्टरांना दाखवावे. आणि अचानक, काही मिनिटांत, बोलणे अडखळू लागले, तोंड वाकडे झाले, एका हातातून मोबाइल गळून पडला, तर तो पक्षाघात समजून तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्यातही प्रत्येक मिनिटाला मोल असते.

स्मृतिभ्रंशाच्या जोखमीविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे चौदा घटक सांगितले. त्यांत उपचार न केलेले बहिरेपण, उपचार न केलेली कमी दृष्टी आणि एकटेपणा यांचा समावेश आहे. श्रवणयंत्र, योग्य चष्मा आणि आपल्या माणसांशी रोजचे बोलणे हेही औषधोपचारच आहेत. मोबाइल त्या बोलण्याचे साधन ठरला तर उत्तम. बोलण्याची जागा घेऊ लागला तर मात्र हानी.

साधनाची मर्यादा

भावी शिक्षिकेने वहीत लिहिले होते की चित्रफीत शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. मी म्हणेन, मोबाइल डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. मनगटी घड्याळावरील आकड्यांवरून रक्तदाबाच्या गोळ्या कमी-जास्त करू नयेत. रक्तदाब मोजायचा तर दंडावर पट्टा बांधण्याच्या यंत्राने, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, हात हृदयाच्या पातळीवर घेऊन मोजावा. कोणीतरी पुढे पाठवलेल्या संदेशातील काढा घेऊन चालू औषध बंद करू नये. दीर्घकाळ पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे होतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहावे. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनीही हे ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितके चांगले. मूल जेवत नाही म्हणून हाती मोबाइल देणे ही सवय पुढे सुटता सुटत नाही. मुले रोज मोकळ्या उजेडात खेळली तर लघुदृष्टीची, म्हणजे लांबचे न दिसण्याची, शक्यता कमी होते. आजोबांचा हात धरून मैदानावर जाणे दोघांच्याही प्रकृतीला हितकारक आहे.

शाळेत जाणाऱ्या नातवंडांच्या बाबतीत आपल्याला एक सोपा उपाय करता येईल. मुलाने मोबाइलवर धडा पाहिला की त्याला म्हणावे, "आता मला समजावून सांग बरं." दुसऱ्याला शिकवताना स्वतःचे ज्ञान पक्के होते. आजीला न समजलेला भाग म्हणजे बहुधा नातवालाही न समजलेलाच भाग असतो. त्यासाठी आजीला विज्ञान यायची गरज नाही. जिज्ञासेने ऐकणारे कान पुरेसे आहेत.

देवाणघेवाण

शिकवणी एकतर्फी राहिली तर ती ओझे होते. त्या घरात आजोबांनी नातीला पावकी, निमकी आणि दीडकी शिकवली. ती तिने वर्गात मुलांसमोर मांडली, तेव्हा गणकयंत्रावर विसंबलेली मुले चकित झाली. आजींनी जुन्या पद्धतीने धान्य मोजण्याची मापे दाखवली, त्यांवर एक पाठ तयार झाला. शिकणारा जेव्हा काही देऊही शकतो, तेव्हा त्याची मान ताठ राहते. ज्येष्ठांच्या मनःस्वास्थ्यासाठी हे फार आवश्यक आहे.

वाचकहो, आपल्या घरात भावी शिक्षिका नसली तरी हरकत नाही. मुलगा, सून, जावई, शेजारचा महाविद्यालयीन तरुण, घरी येणारी सेविका, कोणीही हा वर्ग घेऊ शकते. येत्या रविवारी वीस मिनिटे राखून ठेवा. एकच गोष्ट निवडा, जिची घरातील ज्येष्ठाला खरोखर गरज आहे. वही आणि पेन जवळ ठेवा. मोबाइल त्यांच्या हाती द्या, आपले हात पाठीमागे घ्या आणि ते चाचपडत असताना शांतपणे थांबा. आणि ज्येष्ठ वाचकांनो, पुढच्या वेळी "तूच करून दे" असे शब्द ओठांवर आले, तर त्याऐवजी "मला एकदा करू दे" असे म्हणून पाहा.